पहिलीचा वर्ग शेवटी का उघडला?

नाताळच्या आधी आठवडाभर शाळा बंद केल्या असत्या, तर कुणाचं काय बिघडलं असतं? शिक्षण खात्यात मोठ्या हुद्द्यावर राहून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी अलीकडे एका चर्चेत हा प्रश्न टाकला आणि बहुतेक श्रोत्यांनी माना डोलावल्या. त्यांची मांडणी अशी होती : डिसेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन दाराशी आला होता. बेल्जियम आणि नेदरलँड्स या देशांनी प्राथमिक शाळा नाताळच्या सुट्टीच्या एक आठवडा आधीच बंद केल्या. महाराष्ट्राने मात्र त्याच डिसेंबरच्या पहिल्या तारखेला पहिलीचे वर्ग उघडले आणि १० जानेवारीला सगळंच घाईघाईने बंद करण्याची पाळी आली. सुट्टीला जोडून केलेली बंदी सगळ्यांत कमी नुकसानीची, कारण सुट्टी येणारच असते. पुढची साथ आली की आपणही तेच करावं.

मांडणी नीटस आहे, आणि म्हणूनच तिला उत्तर द्यायला हवं. पुढची साथ येईल तेव्हा विचार करायला कुणाला सवड नसेल. त्या वेळी हाताशी जे तयार सूत्र असेल तेच आदेशात उतरेल. हे सूत्र भंडारा जिल्ह्यात लावून पाहिलं तर काय दिसतं, ते मला सांगायचं आहे.

पहिली गोष्ट सुट्टीची. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या सात तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांना नाताळची सुट्टी म्हणजे २५ डिसेंबर हा एक दिवस. आठ-दहा दिवसांची नाताळची सुट्टी शहरातल्या कॉन्व्हेंटची. आमच्याकडे माणसं एकत्र येतात ती दिवाळीला, आणि दिवाळी संपली म्हणजे मंडईला. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. नागपूर, पुणे, हैदराबादला कामाला गेलेली माणसं घरी येतात, लेकी माहेरी येतात, रात्री दंडार, खडी गंमत किंवा झाडीपट्टीचं नाटक उभं राहतं. त्याच दिवसांत धानाची कापणी आणि चुरणी चालू असते. संसर्गाची साखळी सणाशी जोडून तोडायची असेल, तर आमचा सण तो आहे. ब्रुसेल्सचं वेळापत्रक मुंबईने उचलावं आणि मुंबईचं लाखांदूरने, यात साथीचा विचार कुठेच नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नाताळच्या आधीची बंदी एका ठरावीक कुटुंबरचनेवर उभी आहे. आजी-आजोबा वेगळ्या घरात राहतात आणि नातवंडं त्यांना नाताळात भेटायला जातात. भेटीच्या आधी आठवडाभर मुलं वर्गापासून दूर राहिली, तर त्या आठवड्यात कुणाला लागण झाली आहे ते कळतं आणि म्हातारी माणसं वाचतात. बेल्जियममध्ये याला अर्थ आहे. आमच्याकडे आजी त्याच घरात असते, बहुतेक वेळा त्याच खोलीत. शाळा चालू असताना नातू तिच्या शेजारी झोपतो, शाळा बंद असतानाही झोपतो. जो वियोग घडतच नाही, त्याची आठवडाभर तयारी करून आजीला कोणतं संरक्षण मिळणार? उलट शाळा बंद म्हटल्यावर पोर बांध्यांवर, बाजारात, मामाच्या गावी जातं, आणि ते कुठे गेलं होतं याचा पत्ता लागत नाही. वर्गात ते निदान हजेरीपटावर असतं आणि सर्दी-तापाचं पोर बाईंच्या नजरेला पडतं.

हे मी साथ सौम्य मानून लिहीत नाही. भंडारा जिल्ह्यात पहिला रुग्ण २७ एप्रिल २०२० रोजी सापडला. एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत या लहानशा जिल्ह्यात एकेका दिवसात दीड हजारांच्या घरात नवे रुग्ण निघाले. साथीत एकूण अकराशेहून अधिक माणसं गेली. त्याच वर्षी ९ जानेवारीला जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळं दगावली होती. लेकरांना घेऊन दवाखान्यात धावावं लागलं तर काय होईल, ही इथल्या आईबापांची भीती कल्पनेतून आलेली नव्हती. तिसरी लाट मुलांवर येईल असं बोललं जात असताना राज्याच्या कोविड कृती दलाच्या डॉक्टरांनी सावधगिरी सुचवली, याबद्दल त्यांना दोष देणं मला मान्य नाही.

माझा आक्षेप यापुढच्या गोष्टीला आहे. ६ ऑगस्ट २०२१ रोजी भंडारा जिल्ह्यात एकही सक्रिय रुग्ण उरला नाही. राज्यातला पहिला कोरोनामुक्त जिल्हा म्हणून आमचं नाव देशभर छापून आलं. त्या दिवशी इथल्या पहिली ते चौथीच्या मुलांसाठी काय बदललं? काहीच नाही. कोरोनामुक्त गावांत १५ जुलैपासून शाळा उघडायला परवानगी होती, पण ती आठवी ते बारावीसाठी. ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग उघडले. पहिली ते चौथीला राज्याची परवानगी मिळाली १ डिसेंबरला. रुग्णसंख्या शून्यावर आल्यानंतर जवळजवळ चार महिने या जिल्ह्यातलं सहा वर्षांचं पोर मुंबईच्या भीतीपायी घरी बसलं. जून २०२० मध्ये जिचं नाव पहिलीत घातलं ती मुलगी वर्गात पहिल्यांदा बसली तेव्हा दुसरीत होती. २०२५-२६ मध्ये ती सहावीत पोहोचली.

आणि हे शास्त्राच्या सांगण्यावरूनही झालं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये केलेल्या चौथ्या देशव्यापी रक्तचाचणी सर्वेक्षणात सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडं आढळली. म्हणजे शाळा बंद असतानाच निम्म्याहून अधिक लहानग्यांना लागण होऊन गेली होती. २० जुलैला हे आकडे सांगताना परिषदेचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी स्पष्ट म्हटलं, की लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला पेलतात, त्यामुळे शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून सुरुवात करणं शहाणपणाचं. महाराष्ट्राने नेमकं उलटं केलं. २३ नोव्हेंबर २०२० रोजी नववी ते बारावी, २७ जानेवारी २०२१ रोजी पाचवी ते आठवी, दुसऱ्या लाटेनंतर पुन्हा आठवी ते बारावी, मग पाचवी, आणि सगळ्यांत शेवटी पहिली. दर वेळी वरून खाली.

ही दिशा कुठून आली? इथे मला जोतीराव फुल्यांकडे जाणं भाग आहे. गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाचं त्यांच्याइतकं नेमकं उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं मला ठाऊक नाही.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. त्या काळचं सरकारी धोरण असं होतं, की वरच्या वर्गाला उच्च शिक्षण द्यावं, मग ते ज्ञान आपोआप खालच्या थरांपर्यंत झिरपेल. फुल्यांनी या समजुतीलाच हात घातला. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्यांच्या शिक्षणावर. शिकलेल्या वरच्यांनी खाली काय पोहोचवलं ते दाखवा, असं त्यांनी सरकारलाच विचारलं. त्यांच्या मागण्या हिशेबी होत्या. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा. लोकल फंडातला मोठा वाटा प्राथमिक शाळांना द्या. शिक्षक प्रशिक्षित हवेत आणि त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नको. उच्च शिक्षणाला त्यांचा विरोध नव्हता. पाया सोडून कळस बांधायला विरोध होता.

फुल्यांची ही मागणी मान्य व्हायला किती काळ लागला ते आठवावं. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्ती आणून पाहिली, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये पाऊल उचललं, गोखल्यांचं विधेयक मात्र मध्यवर्ती कायदेमंडळात नामंजूर झालं. देशभराचा शिक्षणहक्क कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. त्या कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० शाळेचे दिवस लिहिलेले आहेत. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांच्या झगड्यानंतर रयतेच्या पोराला हे दिवस कायद्याने मिळाले होते. पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी २०२०-२१ चं अख्खं वर्ष त्यातला एकही दिवस न देता गेलं, आणि त्या दिवसांसाठी रस्त्यावर कोण उतरलं?

बंदीचे आदेश काढणाऱ्यांपैकी कुणीही झिरपण्याचा सिद्धान्त मानत असल्याचं कबूल करणार नाही. पण तो त्यांच्या आदेशांत आहे. ८ जानेवारी २०२२ चा आदेश पाहा. शाळा-महाविद्यालयं १५ फेब्रुवारीपर्यंत बंद, सवलत मुख्यतः दहावी-बारावीच्या कामांना. मॉल, नाट्यगृहं, उपाहारगृहं निम्म्या क्षमतेने चालू. व्यायामशाळा आणि सौंदर्यप्रसाधनगृहं आधी बंद ठेवली होती, दुसऱ्याच दिवशी सुधारित आदेश काढून तीही निम्म्या क्षमतेने उघडली. व्यायामशाळांना न्याय मिळायला एक दिवस लागला. शाळांना पुन्हा उघडायला २४ जानेवारी उजाडली, तीही पालक आणि शिक्षकांनी आवाज उठवल्यावर. दहावीला निकाल असतो, टक्केवारी असते, पुढच्या महाविद्यालयांच्या जागा असतात. पहिलीला यातलं काही नसतं. ज्या वर्गाचा निकाल लागत नाही, त्याचं नुकसान कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

मोठी मुलं नियम पाळतात, म्हणून त्यांना आधी बोलावलं, असं यावर उत्तर दिलं जातं. ते खरंही आहे. पण जे मूल मुखपट्टी नीट लावू शकतं, तेच फोनवरून थोडंफार शिकूही शकतं. अक्षराला बोट लावून शिकणाऱ्या मुलाला फोन कसा शिकवणार? ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ ही राज्याची मोहीम होती, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ होती, आणि गावातल्या पारावर, देवळात चार-चार मुलं बसवून शिकवणारे शिक्षकही होते. त्यांच्या कष्टांना मी मान देतो. पण अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेज, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली, तेव्हा ग्रामीण मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी निघाली फक्त ८ टक्के. ३७ टक्के मुलं काहीच शिकत नव्हती. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या अहवालांत तिसरीत असून दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या मुलांचं देशातलं प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं, ते २०२२ मध्ये २०.५ वर आलं. आधीच लाजिरवाणं असलेलं प्रमाण आणखी घसरलं. शिवाय दुपारच्या गरम खिचडीच्या जागी कोरडा तांदूळ आणि डाळ घरी आली, तो भाग वेगळाच.

इथपर्यंत लिहिल्यावर मला त्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या मांडणीकडे पुन्हा वळलं पाहिजे, कारण तिच्यात दोन गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या माझ्या बाजूच्या लोकांनी कधी मान्य केल्या नाहीत.

एक, आश्रमशाळा आणि वसतिगृहं. तिथलं मूल खरोखरच आजीपासून दूर असतं आणि सणाला घरी जातं. शंभर मुलांच्या निवासी खोल्यांतून साथीच्या दिवसांत ते थेट पाड्यावर पोहोचलं, तर बेल्जियमचा धोका हुबेहूब इथे उभा राहतो. अशा ठिकाणी सणाच्या आधी आठवडाभर टप्प्याटप्प्याने, तपासणी करून मुलांना घरी सोडणं योग्यच आहे. त्यासाठी शाळा लवकर बंद करावी लागली तरी ती करावी.

दुसरी गोष्ट माझ्या विचाराला अधिक वळण देणारी आहे. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या बंदीला शेवट होता. दोन्हीकडच्या प्राथमिक शाळा १० जानेवारी २०२२ रोजी उघडल्या. आमच्या शाळा बंद झाल्या तीच ही तारीख. त्यांनी सणाला जोडून एक आठवडा घेतला आणि तो संपवला. आम्ही मार्च २०२० मध्ये महिनाअखेरपर्यंत म्हणून दार लावलं आणि लहानग्यांसाठी ते वीस महिन्यांहून अधिक काळ लागलेलं राहिलं. मुदतीच्या बंदीला मी आता विरोध करणार नाही. एक आठवडा भरून काढता येतो. उन्हाळ्यात, शनिवारी, कसाही. वीस महिने भरून येत नाहीत.

म्हणून वादाचा मुद्दा बदलायला हवा. लवकर बंद करावी की नाही, यापेक्षा बंद कोण करतं, उघडण्याची तारीख कोण लिहितं आणि आत आधी कोण येतं, हे ठरवलं पाहिजे. उन्हाच्या बाबतीत राज्य हे जाणतं : विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, कोकणाबरोबर उघडत नाहीत. जे शहाणपण तापमानाला लागू आहे ते साथीला का नको? प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात पालक बहुसंख्येने आहेत, आणि गावात कोण आजारी आहे हे आशाताईंना मंत्रालयाच्या कितीतरी आधी कळतं. जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने धोक्याची मर्यादा ठरवून द्यावी आणि तिच्या आत निर्णय गावाने घ्यावा.

उघडण्याची तारीख नसलेला बंदीचा आदेश बेकायदा मानला जावा. मुदत वाढवायची तर कारणांसह नवा आदेश निघावा. जिल्ह्यात रुग्ण नसतील तर शाळा उघडण्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये. खिचडी शिजणं कोणत्याही आदेशाने थांबू नये. आणि क्रम उलटा व्हावा : बंद करताना पहिलीचा वर्ग सगळ्यांत शेवटी, उघडताना सगळ्यांत आधी. साथरोग कायदा १८९७ चा आहे, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. त्या कायद्यात शाळकरी मुलाच्या हक्काचा विचार नाही, आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली निघालेल्या आदेशांतही तो झाला नाही. विधिमंडळाने तो शांततेच्या काळात, पुढच्या साथीच्या आधी, कायद्यात लिहावा. एकशे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी फुल्यांनी पुण्यात दिलेलं ते निवेदन अजून पूर्ण मान्य व्हायचं आहे, आणि ते मान्य करून घेण्याचं काम आता आमच्याकडे आहे.