खेकड्याचं बीळ

कोकणात एक शेतकरी होता. त्याचं भाताचं एक खाचर होतं आणि नववीत शिकणारा एक मुलगा होता. शेतकरी दिवसभर राबायचा. रात्री घरी यायचा तेव्हा मुलगा झोपलेला असायचा.

एकदा मुलाच्या खिशात तंबाखूची पुडी सापडली. बापानं त्याला मारलं आणि पुडी चुलीत टाकली. महिन्याभरानं दप्तरात सिगारेटी निघाल्या. बाप रोज दप्तर तपासू लागला. मग जत्रेच्या रात्री मुलगा बिअर पिऊन घरी आला. बापानं त्याचे खाऊचे पैसे बंद केले.

पावसाळा आला. खाचराच्या बांधाला खेकड्यानं बीळ पाडलं. शेतकऱ्यानं त्यात चिखल कोंबला. दुसऱ्या दिवशी शेजारीच पाणी गळू लागलं. ते भोकही त्यानं बुजवलं. तिसऱ्या रात्री बांध फुटला आणि लावलेली रोपं वाहून गेली.

शेजारचा म्हातारा फावडं घेऊन मदतीला आला.

"आजोबा, दिसलं ते प्रत्येक भोक मी बुजवलं हो," शेतकरी म्हणाला.

"पहिल्या बिळातून पाणी मुरलं, माती मऊ झाली," म्हातारा म्हणाला. "मऊ मातीत दुसऱ्या खेकड्याला कष्ट पडत नाहीत. मी रोज सकाळी माझ्या बांधावरून फिरतो. माती पायाखाली दबते आणि बीळ बोटाएवढं असतानाच दिसतं. तू तुझ्या बांधावर शेवटचा कधी फिरलास?"

शेतकऱ्याला उत्तर देता आलं नाही.

त्या दिवशी तो दिवेलागणीलाच घरी आला आणि मुलाशेजारी जेवायला बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. चौथ्या दिवशी मुलगा आपणहून बोलला.

"बाबा, मला गणित येत नाही. वर्गात सगळे हसतात. मोठी मुलं तेवढी जवळ घेतात, पण त्यांच्यात बसायचं तर ती देतील ते घ्यावं लागतं. पुडी तर शाळेच्या दारातच मिळते."

बापानं हात उगारला नाही. सकाळी तो मुलाला घेऊन शाळेत गेला. गणिताचे गुरुजी शाळा सुटल्यावर मुलाला शिकवू लागले. खेळाच्या सरांनी त्याला कबड्डीच्या संघात घेतलं. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्यानं बंदी आहे, हे मुख्याध्यापकांनी ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं. दारातली टपरी हलली.

मधे एकदा मुलाचा पाय पुन्हा घसरला. त्या रात्री जेवताना त्यानंच ते बापाला सांगितलं. बापानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशीही त्याच्याच शेजारी पान मांडलं.

पुढच्या पावसाळ्यात दोघं मिळून बांधावरून फिरत होते.

तात्पर्य : एका व्यसनामागून दुसरं येतं, ते मऊ पडलेल्या जागेतून. नुसतं व्यसन हिसकावू नका, मुलाजवळ रोज बसा.