मेलेल्या माशांचा पुरावा

परसात लहानसे कुंड बांधून त्यात कमळे लावावी आणि चार रंगीत मासे सोडावेत, ही हौस पुष्कळ घरांत दिसते. एखाद्या सकाळी ते मासे उताणे तरंगताना दिसले की घरात ‘काय झाले?’ यापेक्षा ‘कोणी केले?’ हाच प्रश्न आधी उमटतो. आम्हां वकिलांचा निम्मा धंदा या दुसऱ्या प्रश्नावर चालतो, हे खरे. तथापि पहिल्याचे उत्तर हाती नसताना दुसरा विचारण्याचा अधिकार मनुष्यास पोचतो काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरी वैशाखातल्या एका सकाळी कुंडातील सहा मोठे मासे मेलेले आढळले. आदल्या दिवशी मोलकरणीने फिनेल टाकून अंगण धुतले होते. तेवढे पुरे झाले. तिला त्याच दिवशी कामावरून काढण्यात आले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण एरवी हसून म्हणतो. आपल्या शास्त्रकारांनी अशा योगायोगाला ‘काकतालीय न्याय’ असे नावही देऊन ठेवले आहे. परंतु फांदी आपल्या अंगणात मोडली म्हणजे कावळा निर्दोष आहे हे कोणास सुचत नाही.

संशय अगदीच निराधार होता असे नव्हे. फिनेल, ब्लीचिंग पावडर, झाडांवर फवारण्याची कित्येक औषधे माशांना घातक असतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आणि नव्या सिमेंटमधून पाझरणारा चुना हेही त्यांचा जीव घेतात. म्हणूनच संशय तपासून पाहावयास हवा होता, आणि साक्षीदार तर समोरच तरंगत होते. विषाने बहुधा लहान जीव आधी जातात. येथे मोठे मेले, पिले वाचली. प्राणवायू कमी पडला की मोठ्या माशांचा श्वास प्रथम कोंडतो. मासे पहाटे मेले, हा दुसरा पुरावा. पाण्यातील शेवाळ व वनस्पती दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात, रात्री मात्र त्या स्वतःच तो घेतात. त्यामुळे सूर्योदयापूर्वी त्याचा साठा सर्वांत कमी असतो. त्यात उन्हाळा. वीस अंश उष्णतेच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच. या कुंडाचे पाणी हिरवेगार झाले होते, आणि घरातील आजी रोज माशांना पसाभर भात घालीत. उरलेला भात तळाशी कुजे आणि कुजताना राहिलेला प्राणवायूही खाऊन टाकी.

आजींचा हेतू पुण्याचा होता. देवळाच्या तळीवर मासोळ्यांना लाह्या टाकणारे आपण सर्व त्याच हेतूचे. मुंबईच्या बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या एकाहून अधिक वर्षी आल्या. पाण्यात पडलेले अन्न कुजणे हेच त्याचे कारण सांगण्यात आले. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेप्रमाणे जनावरास विष घालून मारणे हा अपराध आहे, पण त्यासाठी हेतू किंवा परिणामाची जाणीव लागते. आजींपाशी दोन्ही नव्हती. कायदा त्यांना सोडून देईल, आणि ते योग्यच आहे.

मात्र पुराव्याच्या कायद्यात आणखी एक नियम आहे. जी वस्तुस्थिती विशेषेकरून ज्याला ठाऊक, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. १८७२ च्या कायद्यातील हा नियम २०२३ च्या नव्या अधिनियमातही राहिला आहे. कुंडात काय पडते, पाणी केव्हा बदलते, हे घरच्यांशिवाय कोण जाणणार? शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत आलेला मासा आपले रक्षण करण्यास सांगतो. मनू त्याला प्रथम घड्यात ठेवतो, तो वाढल्यावर खड्ड्यात, आणि शेवटी समुद्रात नेऊन सोडतो. मासा वाढेल तसे त्याचे पाणीही वाढवीत जावे लागते, ही त्या कथेतील बाजू आपण प्रलयाच्या भरात विसरतो. नदीतला मासा आपले पाणी शोधतो. कुंडातल्याला आपण दिलेल्या पाण्याबाहेर जगच नाही. तेव्हा तेथल्या मृत्यूची चौकशी स्वतःच्या हातांपासून सुरू करावी, मोलकरणीच्या बादलीपासून नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्येष्ठात त्याच कुंडात पुन्हा मासे मेले. फिनेल नव्हते, ती बाईही नव्हती. नैयायिक ज्याला व्यतिरेक-व्यभिचार म्हणतात तो असा आपण होऊन चालत आला. मग एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी दुपारचे आणि पहाटेचे पाणी तपासले. दुपारी प्राणवायू भरपूर होता, पहाटे जवळजवळ नव्हताच. शेवाळ काढले, भात बंद झाला, लहानशा पंपाने पाण्याची धार रात्रभर पडती ठेवली. पुढे मासे मेले नाहीत.

त्या बाईला बोलावणे धाडले काय, असे आम्ही त्या गृहस्थांना विचारले. आता दुसरी बाई लागली आहे, असे ते म्हणाले.