ग्रंथपालाची नोंदवही

सार्वजनिक वाचनालयांत देवघेवीच्या मेजावर एक नोंदवही असते. कोणत्या सभासदानें कोणतें पुस्तक केव्हां नेलें आणि केव्हां परत आणलें, एवढीच माहिती तींत असते. आतां कांहीं ठिकाणीं तिची जागा संगणकानें घेतली आहे. इतक्या सामान्य वस्तूच्या पोटांत नीतिशास्त्राचा एक अवघड प्रश्न दडलेला असेल, अशी कल्पना आम्हांस नव्हती. मांजरी भागांतील एका लहान वाचनालयाच्या ग्रंथपालांनीं तेथें घडलेली एक हकीकत आम्हांस सांगितली, तेव्हांपासून मात्र तो प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं.

हकीकत अशी. एक शेतकरी गृहस्थ सायंकाळीं वाचनालयांत आले. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा बारावींत असून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठीं तेथील अभ्यासिकेंत बसत असे. मुलगा पाठ्यपुस्तकांआड कादंबऱ्या वाचतो, असें त्यांच्या कानीं आलें होतें. "काय काय नेलंय त्यानं, तेवढं वहीत दाखवा, सर," असें ते म्हणाले. ग्रंथपालांनीं नम्रपणें नकार दिला. त्यावर ते गृहस्थ एवढेंच म्हणाले, "अर्जावर सही माझी आहे. वर्गणी मी भरतो." ग्रंथपालांनीं तरीहि वही उघडली नाहीं, आणि गृहस्थ कार्यकारी मंडळाकडे तक्रार करण्याचें सांगून निघून गेले.

ग्रंथपालांनीं केलें तें योग्य कीं अयोग्य?

उत्तर देण्यापूर्वीं ती जागा डोळ्यांपुढें आणली पाहिजे. मुळा-मुठेच्या एका तीरावर मांजरी बुद्रुक, दुसऱ्या तीरावर मांजरी खुर्द. यांपैकीं बुद्रुक २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत आलें. ऊंस व द्राक्षें यांवर संशोधन करणाऱ्या संस्था या भागांत आहेत. परंतु ज्या रानांत कालपर्यंत ऊंस उभा होता त्यांपैकीं पुष्कळांत आज इमारती उभ्या आहेत. अशा ठिकाणीं बापाला आपला धंदा मुलाच्या हातीं देतां येत नाहीं. देण्यासारखें एकच उरतें, तें म्हणजे परीक्षेला बसण्याची सवड. आणि ती सवड पैसे मोजून विकत घ्यावी लागते. त्या गृहस्थांची मागणी ज्यांना निव्वळ अडाणीपणाची वाटेल, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

आमच्या वाचनालयांतून बालविभाग असतो, महिला विभाग असतो. तरुणांसाठीं म्हणून जें असतें तें म्हणजे अभ्यासिका. तेथें बसणारा आपलीं पुस्तकें आपणच घेऊन येतो. वाचनालय त्याला खुर्ची, दिवा आणि शांतता पुरवितें. पलीकडच्या खोलींतील कपाटांशीं त्याचा संबंध बहुधा येतच नाहीं. १९६७ सालच्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखालीं अ, ब, क, ड अशा वर्गांतलीं हजारों ग्रंथालयें शासनाच्या अनुदानावर चालतात. त्यांपैकीं कित्येकांतली गर्दी ही या अभ्यासिकेचीच. आम्ही तिला नांवें ठेवीत नाहीं. दोन खोल्यांत पांच माणसें राहत असतां मुलानें अभ्यास करावा कोठें? पण तरुणांची सेवा म्हणजे केवळ खुर्ची पुरविणें असा अर्थ झाला, तर ग्रंथपाल हा पहारेकरी ठरतो. हा मुलगा खुर्चीवरून उठला आणि पलीकडच्या खोलींत गेला. सारी भानगड तेथून सुरू झाली.

त्यानें काय नेलें होतें, तें ग्रंथपालांनीं आम्हांसहि सांगितलें नाहीं. दहाव्या वर्षीं त्यानें 'फास्टर फेणे' नेला असता तर कोणीच हरकत घेतली नसती; भा. रा. भागवतांचा तो पोरगा तर शेजारच्या फुरसुंगीचाच. पण समजा, सतराव्या वर्षीं त्यानें भालचंद्र नेमाडे यांची १९६३ सालची 'कोसला' नेली. खेड्यांतून पुण्यास शिकावयास आलेला मुलगा नापास होऊन गांवीं परततो, ही तिची कथा. बापाच्या पोटांत भीतीचा गोळा यावा अशीच ती आहे. आणि मुलाला जवळची वाटावी अशीहि तीच आहे. कारण आपण नापास झालों तर पुढें काय, हा प्रश्न त्याला घरांत मोठ्यानें विचारतां येत नाहीं. तो त्यानें एका पुस्तकाला विचारला, तर त्या विचारण्याची पावती बापाच्या हातीं द्यावी काय?

रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं. प्रत्येक वाचकास त्याचें पुस्तक मिळावें आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा, असें त्यांतलीं दोन सूत्रें सांगतात. वाचकाच्या बापाला त्यांत कोठेंहि जागा दिसत नाहीं. अमेरिकेंतील ग्रंथालय संघानें १९३९ सालीं ग्रंथालयीन हक्कांचा जाहीरनामा काढला, आणि १९६७ सालीं, म्हणजे आपल्याकडे अधिनियम झाला त्याच वर्षीं, वयावरून कोणाचाहि हक्क नाकारूं नये असें त्यांत घातलें. हें सर्व ठीकच आहे. तथापि नुसत्या हक्काच्या भाषेनें आमचें समाधान होत नाहीं. मेजापलीकडे उभा असलेला माणूस कोणी सरकारी हेर नव्हे. त्यानें आयुष्य या मुलावर लावलेलें आहे.

आम्हांस ग्रंथपालांचा नकार योग्य वाटतो तो निराळ्याच कारणास्तव. बापाला मुलाचें मन जाणण्याचा अधिकार आहे, हें आम्ही मान्य करितों. पण तो अधिकार मुलाला विचारून बजावावयाचा असतो. मुलगा उत्तर देईल, देणार नाहीं, कदाचित् खोटेंहि बोलेल. तरी तें खोटें त्या दोघांमधलें राहील. नोंदवही उघडली कीं विचारण्याची गरजच संपते, आणि बोलण्याचा जो एक प्रसंग आला होता तोहि जातो. आठ वर्षांच्या पोराची गोष्ट वेगळी; त्याचें पुस्तक घरांतलीं माणसें त्याच्या शेजारीं बसून वाचीत असतात. कोणी म्हणेल, मुलगा खरोखरच संकटांत असला तर? तर ग्रंथपालानें आधीं त्या मुलाशीं बोलावें. त्यासाठीं डोळे लागतात, वही लागत नाहीं.

आम्ही स्वतः महाविद्यालयांत हजेरीपट ठेवितों आणि पालकांना तो दाखवितोंहि. मग हा शहाणपणा कशाला, असें आमचे सहकारी विचारतील. हजेरी हें विद्यार्थ्याचें महाविद्यालयास देणें आहे, म्हणून तिचा हिशेब मागतां येतो. कादंबरी वाचणें हें तो कोणाचेंच देणें लागत नाहीं.

येथवर आम्ही निःशंक होतों. परंतु वही मिटून ठेवणारा ग्रंथपाल स्वतः काय करितो, हाहि प्रश्न आहेच. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत बालविभाग नांवारूपास आणणाऱ्या ॲन कॅरोल मूर या विदुषीचें मुलांवरील प्रेम निर्विवाद होतें. त्याच बाईंनीं ई. बी. व्हाइट यांचें 'स्टुअर्ट लिटल' हें पुस्तक मुलांना अहितकारक ठरवून तें प्रसिद्धच करूं नये अशी गळ लेखकास घातली होती. तें १९४५ सालीं निघालें आणि मुलांनीं तें आवडीनें वाचलें.

ही गोष्ट आम्ही त्या ग्रंथपालांना सांगितली, तेव्हां ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या रात्रीं वाचनालय बंद केल्यावर त्या मुलाचं पान मी स्वतःच उघडून पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशीं एक पुस्तक कपाटांतून काढून माझ्या खणांत ठेवलं. अजून तिथंच आहे."

तें कोणतें, हें आम्ही विचारलें नाहीं.