आवाज द्यायचा ना!



दिवाळीच्या सुट्टीत एका सोमवारी आपल्या धर्मग्रामातील सहा युवकांबरोबर आम्ही लिंगाण्यावर गेलो होतो. रायगडावरून पूर्वेकडे पाहिले की शिवलिंगाच्या आकाराचा जो उंच सुळका दिसतो, तोच हा लिंगाणा. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३००० फूट. त्याच्या पोटात खोदलेल्या गुहा आहेत. शिवकाळात तेथे कैदी ठेवीत असत. एकदा वर नेलेला माणूस आपल्या पायांनी खाली येणे कठीण, अशी ती जागा!

मोहरी गावातून आम्ही अंधारातच निघालो. ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा महिना, म्हणून जपमाळ म्हणत बोराट्याची नाळ उतरलो आणि उजाडताना खिंडीत पोहोचलो. आकाश स्वच्छ होते. समोर रायगडावर कोवळे ऊन पडले होते.

लांबून लिंगाणा एकसंध वाटतो, पण तो तसा नाही. सह्याद्रीचा हा काळा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, थरावर थर बसून तयार झालेला. काही थर टणक, काही ठिसूळ. भेगांत पाणी मुरते, गवताची मुळे शिरतात, वरून ऊन तापते आणि दगड आतून सुटतो. बाहेरून मात्र जागचा हललेला दिसत नाही. म्हणून दोर घेऊन पुढे चढणाऱ्या युवकाने खिंडीतच दोन नियम सांगितले. पहिला, कोणत्याही दगडावर भार टाकण्याआधी तो हाताने ठोकून पाहा. पोकळ वाजला तर सोडून द्या. दुसरा, तुमच्या हातापायाने दगड सुटला तर त्याच क्षणी ‘दगड!’ म्हणून ओरडा. चूक कुणाची, हे नंतर पाहू.

गुहेपर्यंत सगळे ठीक झाले. तेथे भाकरी खाल्ली आणि पुन्हा वर निघालो. दुपारी मात्र वारा फिरला. धुक्याने रायगड झाकून टाकला आणि तोरण्याच्या बाजूला ढग गडगडू लागले. परतीचा पाऊस येत होता. आम्ही घाई करू लागलो. त्या घाईत एक पाय न तपासलेल्या दगडावर पडला. तो पाय या ओळी लिहिणाऱ्याचा होता.

नारळाएवढा दगड सुटला, पण आमच्या तोंडून आवाज निघाला नाही. भीतीने घसा बसला असे म्हणता आले असते, पण ते खरे नव्हे. ‘पोरे काय म्हणतील?’ हा विचार आडवा आला. वाटले, दगड बाजूच्या घळीत जाईल, कुणाला कळणारही नाही. तो कातळावर आपटून फुटला आणि त्याचा एक तुकडा खाली दोरावर असलेल्या युवकाच्या खांद्याला लागला. त्याने वर पाहिले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, “फादर, आवाज द्यायचा ना! मी कड्याला चिकटलो असतो.”

पुढच्या युवकाने तेथेच निर्णय घेतला, खाली उतरायचे. माथा राहिला. भर पावसात, निसरड्या कातळावरून, दोराला लटकत आम्ही खिंडीत आलो. देवाच्या कृपेने खांद्याला नुसता मुका मार होता. खिंडीत सर्वांसमोर आम्ही त्या युवकाची क्षमा मागितली.

त्या रात्री घरी आल्यावर मत्तयकृत शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय पुन्हा वाचला. प्रभू येशू पेत्राला खडक म्हणतो, त्याच्यावर आपली ख्रिस्तसभा उभारण्याचे वचन देतो. त्याच अध्यायात, अवघ्या काही ओळींनंतर, तो त्याच पेत्राला अडखळण म्हणतो. माणूस तोच. देवाच्या विचाराला धरून राहिला तेव्हा आधाराचा खडक झाला, स्वतःच्या विचाराने बोलला तेव्हा वाटेतला धोंडा झाला. आपणही असेच आहोत. लिंगाण्यासारखे, काही थर टणक, काही ठिसूळ.

तेराव्या शतकातील थोर तत्त्ववेत्ते संत थॉमस अक्वायनस यांनी या अडखळणीचा स्वतंत्र विचार केला आहे. आपल्या चुकीच्या शब्दाने किंवा कृतीने दुसऱ्याला पडायला निमित्त मिळते, ती अडखळण. पाडण्याचा हेतू असलाच पाहिजे असे नाही. आमचाही हेतू नव्हता. पण दगड हेतू पाहून पडत नाही. तो खाली पडतो, आणि जो जितका वर, तितका त्याच्या पायाचा दगड जोरात लागतो.

घरात वर कोण असते? आईवडील. वडील जेवताना सख्ख्या भावाला वाडीच्या बांधावरून शिव्या घालतात आणि शेजारी बसलेले लेकरू मुकाट्याने ऐकते. धर्मग्रामात वर कोण? आम्ही धर्मगुरू. कार्यालयात दाखला मागायला आलेल्या माणसाला आम्ही घाईत तोडून बोलतो. पुढे तो रविवारच्या मिस्सेला दिसेनासा होतो. दगड सुटल्याचे आम्हाला कळलेले असते, पण आम्ही गप्प राहतो.

बंधुभगिनींनो, दगड कधीच सुटणार नाही असा माणूस नाही. सुटलेला दगड परतही आणता येत नाही. हातात उरतो तो आवाज. “बाळा, मी काकांविषयी बोललो ते चुकलो, तू तसे बोलू नकोस,” असे म्हणणारा बाप मुलाच्या नजरेतून उतरत नाही. प्रायश्चित्त संस्कारात आपण देवापुढे हाच आवाज देतो. पण ज्याच्या डोक्यावर आपला दगड चालला आहे, त्यालाही तो ऐकू गेला पाहिजे. या आठवड्यात प्रत्येकाने एका तरी माणसाकडे जाऊन तो द्यावा. आमच्या बोलण्याने कुणी दुखावले असेल, तर त्यांनी कार्यालयात यावे. आधी क्षमा आम्ही मागू.

गेल्या रविवारी मिस्सेनंतर तोच युवक भेटला. लिंगाण्यावर पुन्हा जायचे म्हणतो. आम्ही विचारले, “आणि आमच्या खाली कोण चढणार?”

“मीच चढेन, फादर,” तो म्हणाला. “फक्त आवाज द्या.”

प्रभू आपणां सर्वांना तो आवाज देण्याचे बळ देवो.