दाराच्या आत आल्यावर

आपला देश सोडून परक्या देशात संसार थाटणाऱ्या मनुष्यापुढे जे अनेक प्रश्न उभे राहतात, त्यांत ‘घर कोठे घ्यावे?’ हा प्रश्न दिसण्यात अगदी व्यवहाराचा असतो. अमेरिकेत नोकरीनिमित्त गेलेल्या आपल्या तरुणांना याविषयी सल्ला देणाऱ्यांची वाण कधीच पडत नाही. शाळा पाहावी, घरपट्टी विचारावी, कचेरीचे अंतर मोजावे, तळघरात पाणी शिरते की काय याची चौकशी करावी, आणि शहरात भाडे भरीत न बसता परवडेल अशा एखाद्या उपनगरात स्वतःचे घर करावे, हा त्या सल्ल्याचा सारांश होय. हा सल्ला खोटा नाही. परंतु ज्याला आपण ‘परवडणारे घर’ म्हणतो ते निर्माण कसे झाले, ते कोणाला मिळाले व कोणाला नाकारले गेले, आणि ते मिळाल्यावर मिळविणाऱ्याच्या माथ्यावर कोणते ऋण चढते, याचा विचार त्यात क्वचितच आढळतो. हा विचार नीतीचा आहे. आणि तो केल्यावाचून नवागताला आपले नवे गाव खऱ्या अर्थाने समजणार नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम त्या गावाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. आपल्याकडे उपनगर म्हटले की, आगगाडीच्या स्थानकाभोवती वाढलेली, बिऱ्हाडे, दुकाने, देवळे व शाळा यांनी गजबजलेली दादर-पार्ल्यासारखी वस्ती डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतील उपनगर बहुधा तसे नसते. तेथे घरांचा भाग निराळा, दुकानांचा निराळा, कचेऱ्यांचा निराळा. घरातले मीठ संपले तरी पुष्कळ ठिकाणी मोटार काढावी लागते. ही विभागणी आपोआप झालेली नाही. कोणत्या जमिनीवर काय बांधावे हे ठरविण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली, ओहायो राज्यातील युक्लिड या गावाच्या खटल्यात मान्य केला. त्यानंतर गावोगावी असे नियम फोफावले की, अमुक भागात एका कुटुंबाचे स्वतंत्र घरच असावे, त्याखाली जमीन अमुक इतकी तरी असावी, आणि तेथे भाड्याच्या बिऱ्हाडांची इमारत नसावी. नवागताला जी शांतता व जो मोकळेपणा मोहवितो, त्याचा पाया या नियमांत आहे.

दुसरी गोष्ट घरपट्टीची. आपली पुष्कळ माणसे ज्या राज्यात जाऊन राहिली आहेत त्या न्यू जर्सीचेच उदाहरण घेऊ. तेथील घरपट्टी साऱ्या देशात अतिशय जड समजली जाते, आणि तिचा सर्वांत मोठा वाटा सामान्यतः शाळांकडे जातो. शाळा चांगली म्हणून घराला किंमत, आणि घराला किंमत म्हणून शाळेला पैसा, असे हे चक्र आहे. त्यामुळे गावात नवे बिऱ्हाड येऊ लागले की, ते कर किती आणील व शाळेत मुले किती घालील, असा हिशेब जुने रहिवासी मनात मांडू लागतात. मोठे घर बांधणारा धनिक या हिशेबात लाभाचा ठरतो. दोन खोल्यांत चार मुलांसह राहू इच्छिणारा मजूर बोजा ठरतो. एरवी सज्जन असलेली माणसे सभेत बसून निर्दय ठराव का करतात, याचे उत्तर पुष्कळ अंशी या हिशेबात आहे. मनात कोणाचा द्वेष नसतानाही केवळ जमाखर्चाच्या बळावर मनुष्याला दाराबाहेर ठेवता येते.

आता या घरांचा इतिहास पाहू. मध्यम प्राप्तीच्या कुटुंबाचे स्वतःचे घर ही कल्पना ज्या वसाहतीमुळे जगभर गाजली, ती लेव्हिटटाउन न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांच्या जागी १९४७ साली उभी राहू लागली. विल्यम लेव्हिट यांच्या मंडळींनी घर बांधण्याचे काम लहान लहान भागांत तोडले. एक तुकडी पाया घाली, दुसरी सांगाडा उभारी, तिसरी रंग देई. आणि आपापले काम आटोपून प्रत्येक तुकडी पुढल्या घराकडे सरके. १९५१ पर्यंत तेथे सतरा हजारांवर घरे झाली. १९४९ साली एका घराची किंमत ७,९९० डॉलर होती, आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकाला ते आरंभी रोख रक्कम न भरताही घेता येई. या स्वस्ताईचे श्रेय त्या कारागिरीला आहेच. पण एकट्या तिला नाही. १९३४ पासून गृहकर्जांचा विमा उतरणारे संघराज्याचे खाते आणि १९४४ च्या कायद्याने सैनिकांना मिळालेली कर्जाची सवलत, या दोहोंचा तिला भक्कम आधार होता. ‘हे घर मी माझ्या कष्टाने केले’ असे तेथील गृहस्थ म्हणे, आणि ते खरेही असे. परंतु त्याच्या कष्टाला सरकारी तिजोरीचा टेकू लागलेला होता, हेही तितकेच खरे.

आणि तो टेकू सर्वांना मिळत नव्हता. लेव्हिटटाउनच्या आरंभीच्या भाडेपट्ट्यात असे कलम होते की, कॉकेशियन वंशाबाहेरील कोणासही ही जागा वापरू देऊ नये. घरकामाचा नोकर असल्यास मात्र चालेल. कुंपण घालू नये, गवत दर आठवड्यास कापावे, असल्या नियमांच्या पंक्तीत हा नियमही निःसंकोचपणे बसला होता. आपल्यापैकी कोणी त्या वेळी तेथे जाता, तर त्याचे स्वागत झाले असते असे मानण्यास आधार नाही. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, वंशशास्त्र हिंदी मनुष्याला काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे तो गोरा नव्हे. सबब तो नागरिकत्वास पात्र नाही. हे दार १९४६ च्या कायद्याने किलकिले झाले आणि १९६५ च्या कायद्याने खऱ्या अर्थाने उघडले. हा दुसरा कायदा ज्या वातावरणात झाला ते कृष्णवर्णीय अमेरिकनांनी मार खाऊन, तुरुंगात जाऊन, प्रसंगी प्राण देऊन निर्माण केलेले होते. घरांच्या विक्रीत व भाड्यात वर्णभेद करण्यास बंदी घालणारा १९६८ चा कायदाही त्याच लढ्याचे फळ. एडिसन किंवा आयसेलिन येथे घर घेणारा मराठी गृहस्थ ज्या दाराने आत गेला, ते दार उघडण्यासाठी दुसऱ्यांनी खांदे झिजविले आहेत.

त्या लोकांवर काय प्रसंग आले याची एकच गोष्ट सांगतो. १९५७ च्या ऑगस्टमध्ये पेन्सिल्वेनियातील दुसऱ्या लेव्हिटटाउनात मायर्स हे पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहावयास आले. पती सैन्यात सेवा करून आलेला, घरात लहान मुले. त्यांच्या घरापुढे रोज जमाव जमू लागला, खिडक्यांवर दगड आले, राज्याचे पोलीस बोलवावे लागले. काही शेजारी मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि ते कुटुंब त्या घरात टिकले. या प्रसंगात आम्हाला सर्वांत विचार करण्यासारखी वाटते ती गोष्ट ही की, ते गावच मुळी १९५२ साली वसू लागले होते! त्या जमावात गावचा जो कोणी होता, तो स्वतः फार तर पाच वर्षांपूर्वी आलेला होता. कल्याणला रेटारेटी करून डब्यात शिरलेला उतारू ठाण्याला दार अडवून ‘आत जागा नाही’ म्हणून ओरडतो, हे आपण नित्य पाहतो. आत येताच मनुष्याला आपले बाहेरचे दिवस इतक्या लवकर का विसरावेत?

याचे उत्तर भय हे आहे. न्यू जर्सीतील तिसरे लेव्हिटटाउन १९५८ मध्ये विलिंगबरो येथे वसू लागले. हर्बर्ट गॅन्स हे समाजशास्त्रज्ञ तेथे घर घेऊन सुमारे दोन वर्षे राहिले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी दाखविले की, घरे एका साच्याची असली म्हणून माणसे एका साच्याची होत नाहीत, आणि शहरातील विद्वान ज्या जीवनाची टवाळी करतात त्यात सामान्य कुटुंबे बहुतांशी समाधानी असतात. आम्हीही उपनगराची टवाळी करीत नाही. अंगण, मुलांना खेळावयास जागा व स्वतःचे छप्पर यांची इच्छा धरण्यात गैर काहीच नाही. तथापि या विलिंगबरोचा पुढील इतिहास बोधप्रद आहे. १९६० साली न्यायालयाच्या निर्णयापुढे लेव्हिट यांचा वर्णभेदाचा आग्रह संपला आणि कृष्णवर्णीय कुटुंबे तेथे येऊ लागली. पुढे गोरी कुटुंबे घरे विकून जाऊ लागली. एकाच्या अंगणात ‘घर विकणे आहे’ अशी पाटी दिसली की, किमती कोसळण्याच्या धास्तीने दुसरा पाटी लावील, ही चिंता गावाला पडली. तेव्हा १९७४ साली टाउनशिपने अशा पाट्यांवरच बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ती बंदी भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द केली. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. पण पाटी काढून टाकल्याने भय नाहीसे होत नाही आणि पाटी लावू दिल्यानेही नाही. ते शेजाऱ्यांनी एकमेकांना ‘आम्ही जाणार नाही’ असे सांगितल्यानेच कमी होते, आणि हे सांगण्याची सक्ती कोणताही कायदा करू शकत नाही. येथेच कायद्याची हद्द संपून नीतीची सुरू होते.

भय किती निराधार असू शकते हे त्याच बर्लिंग्टन काउंटीतील माउंट लॉरेल या टाउनशिपने दाखविले आहे. तेथील स्प्रिंगव्हिल भागात काही कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहात होती. आसपासच्या शेतांवर नवी घरे उठत असताना त्यांची जुनी घरे मोडकळीस आली होती. १९७० साली त्यांच्या वतीने छत्तीस बिऱ्हाडांची साधी वस्ती बांधण्याची परवानगी मागण्यात आली, ती मिळाली नाही. आणि ज्यांना येथे राहणे परवडत नाही त्यांनी गाव सोडावे, अशा अर्थाचे उत्तर मेयरने दिले. पूर्वजांपासून जे त्या गावचे, त्यांना हे उत्तर काल आलेल्यांच्या सोयीसाठी मिळाले! एथेल लॉरेन्स या बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दावा लावला. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वाढत्या गावाने जमिनीविषयीचे आपले नियम गरीब व मध्यम प्राप्तीच्या लोकांना वगळण्यासाठी वापरू नयेत. त्या भागाच्या गरजेचा न्याय्य वाटा प्रत्येक गावाने उचलावा. गावे टाळाटाळ करीत राहिली म्हणून १९८३ मध्ये न्यायालयाला तेच अधिक कडक शब्दांत सांगावे लागले. एथेल लॉरेन्स १९९४ साली वारल्या. त्यांच्या नावाची वस्ती २००० साली उघडली. गुन्हे वाढतील, कर वाढेल, घरांच्या किमती पडतील, असे भाकीत विरोधकांनी केले होते. डग्लस मॅसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपास करून पाहिले, तो यांपैकी एकही गोष्ट त्या वस्तीमुळे घडल्याचे आढळले नाही. उलट तेथे राहावयास आलेल्या कुटुंबांची स्थिती मात्र सुधारली होती.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, ‘मनुष्याची आयुष्याची कमाई एका घरात गुंतलेली असते, मुलांचे शिक्षण त्यावर अवलंबून असते. त्याने प्रथम आपल्या कुटुंबाचे हित पाहू नये काय?’ अवश्य पाहावे. जो आपल्या मुलांची काळजी घेत नाही त्याच्या भूतदयेवर आमचाही विश्वास नाही. परंतु कुटुंबाचे हित व कुटुंबाचे भय या दोन वस्तू निराळ्या आहेत. रहदारी, सांडपाणी, शाळेतील जागा यांविषयी शंका विचारणे हे हिताचे रक्षण होय. पण ‘तसले लोक येतील’ म्हणून केलेल्या अर्जावर न वाचता सही करणे हे नुसते भय होय. मुंबई-पुण्यात जातीवरून किंवा खाण्यावरून ज्याला जागा नाकारली गेली, त्याने तरी ‘तसले लोक’ हे दोन शब्द पूर्वी कोठे ऐकले ते आठवून पाहावे.

म्हणून अमेरिकेतील उपनगरात नव्याने जाणाऱ्या आपल्या बांधवांना आमची विनंती अशी. अंगणातील गवत वेळेवर कापावे आणि पदपथावरील बर्फ काढावे, हे शेजारधर्माचे पहिले पाठ आहेत. ते क्षुद्र समजू नयेत. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मंडळांतून आपली भाषा व आपले सण टिकतात, ते जरूर टिकवावेत. परंतु गणेशोत्सवास शंभर मैल जाणाऱ्या गृहस्थाने आपल्या टाउनशिपच्या सभेला दहा मिनिटांच्या वाटेवर कधीच जाऊ नये, हे शोभत नाही. मताचा अधिकार नागरिकत्वाबरोबर येईल. पण सभेत बसण्यास व लोकांसाठी राखलेल्या वेळी बोलण्यास तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आणि ज्या दिवशी त्या सभेत स्वस्त बिऱ्हाडांच्या इमारतीचा प्रश्न निघेल, त्या दिवशी आपण कोणत्या बाकावर बसणार हे घर घेतानाच मनाशी ठरवून ठेवावे. कारण तो दिवस येतोच; आणि त्या दिवशी घराची किंमत मनुष्याच्या कानात फार मोठ्याने बोलते.

ऋण ज्याचे त्याला फेडता येतेच असे नाही. ज्यांनी आपल्यासाठी दार उघडले त्यांपैकी पुष्कळ जण आज हयात नाहीत, आणि बहुतेकांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. आपल्या परंपरेत पितृऋण पुढल्या पिढीला वाढवून फेडतात, तसेच हेही आपल्यामागून येणाऱ्यालाच फेडावयाचे असते. तो आपल्या भाषेचा नसेल, आपल्या वर्णाचा नसेल, आपल्याहून गरीब असेल; तेवढ्याने देणे कमी होत नाही.