घराचे तोंड कोणत्या दिशेला?



बिऱ्हाड हलवले की शेजारी विचारतात, दार कोणत्या दिशेला? वास्तुशांत कधी? आम्ही घर बदलले तेव्हा आई हळूच म्हणाली, "लेकराला काही झालं तर?" या भीतीला हसू नका. पण 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञा जुन्या घरी ठेवून येता येत नाहीत.

दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगालाला भगवान बुद्धांनी राजगृहात समजावले : पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण गुरू, पश्चिम पत्नी-मुले, उत्तर मित्र, खाली कामकरी, वर श्रमण.

म्हणून पहिल्या संध्याकाळपासूनच नेम धरा. सर्वांनी मिळून त्रिसरण-पंचशील म्हणावे, मुलांनी अभ्यासाला बसावे, आणि घाबरलेल्या आईजवळ कुणीतरी घटकाभर बसावे. तीच आपली पूर्व दिशा.

जय भीम!