पुराव्याची साखळी आणि मंजुश्रीची पत्रं

१९८२ सालच्या ११ जूनची रात्र सरून १२ जून उजाडला, तेव्हा पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये मंजुश्री सारडा मरण पावलेली होती. ११ फेब्रुवारीला लग्न झालेलं, म्हणजे संसार चार महिन्यांचा. माहेर बीडचं. मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाला. पती शरद सारडा केमिकल इंजिनिअर. पुण्याच्या सत्र न्यायालयाने त्याला खुनाबद्दल फाशी सुनावली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. पुरावा तोच, कागद तेच, साक्षी त्याच. दोन न्यायालयांना त्यात फाशीइतकी खात्री दिसली आणि तिसऱ्याला त्यात शिक्षेपुरतीही खात्री दिसली नाही.

न्या. फझल अली, न्या. वरदराजन आणि न्या. सब्यसाची मुखर्जी यांच्या पीठाने दिलेला हा निकाल आज पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातल्या खुनाच्या खटल्यांत सारखा उच्चारला जातो. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसला की बचावाचा वकील उठतो आणि ‘सारडा’ म्हणतो. त्यात परिस्थितीजन्य पुराव्याचं ‘पंचशील’ सांगितलेलं आहे. ज्या बाबींवरून दोष ठरवायचा, त्या प्रत्येक बाबीचा आधी पूर्ण पुरावा हवा. त्या सगळ्या मिळून आरोपीच्या दोषाशीच जुळायला हव्यात, दुसऱ्या कशाशी नाही. त्या निर्णायक असायला हव्यात, दुसरी प्रत्येक शक्यता त्यांनी बाद करायला हवी आणि त्यांची साखळी इतकी सलग हवी की आरोपी निर्दोष असू शकेल असं म्हणायला वाजवी जागाच उरू नये. आरोपी दोषी असू शकतो एवढं पुरत नाही. तो दोषीच असला पाहिजे, असं न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७३ मध्ये शिवाजी साहेबराव बोबडे या महाराष्ट्रातल्याच खटल्यात म्हटलं होतं. ‘सारडा’ने तोच धागा पुढे नेला.

वकिलांच्या तोंडी हे इतकं रुळलंय की त्यामागे एक बाई होती, तिने पत्रं लिहिली होती, हे हरवून जातं. मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत नवऱ्याचं तुटक वागणं, सासरचं एकटेपण, आतली घुसमट उतरली होती. त्या पत्रांनी आणि शैला लाटकर या दुसऱ्या विवाहितेच्या मृत्यूने पुण्यातल्या बायका अस्वस्थ झाल्या. विद्या बाळ यांच्या पुढाकाराने नारी समता मंच उभा राहिला आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन महाराष्ट्रात ठिकठिकाणी गेलं. घराच्या दाराआड घडतं ते खासगी नसतं, असं सांगणारं ते प्रदर्शन होतं. दोन वर्षांनी दिल्लीहून मुक्ततेचा निकाल आला. ज्यांनी मंजुश्रीच्या दुःखात स्वतःचं दुःख ओळखलं होतं, त्यांना तो किती लागला असेल!

तरीही माझं मत असं आहे की, खुनाच्या आरोपापुरता तो निकाल बरोबर होता. आणि मंजुश्रीबद्दल बोलताना तोच निकाल चुकला. या दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवणं अवघड आहे, पण एक सोडली की दुसरीही बिघडते.

आधी तो बरोबर का, ते पाहू. विषप्रयोगाच्या खटल्यात न्यायालय चार गोष्टी तपासतं: हेतू, विषानेच मृत्यू, आरोपीजवळ ते विष असणं आणि ते देण्याची संधी. इथे विषाने मृत्यू झाला यात वाद नव्हता. संधी पतीला होती, रात्री तो घरातच होता. अडलं ते तिसऱ्यापाशी. सायनाइड त्याच्याजवळ होतं याचा पुरावा नव्हता. केमिकल इंजिनिअर आहे म्हणजे त्याला मिळालं असेल, हा तर्क. उलट, ते मंजुश्रीलाही मिळू शकलं असतं, अशी बाब साक्षीतूनच पुढे आली होती.

पुण्याच्या नकाशावर हा तर्क किती तोकडा आहे, ते या पट्ट्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. सायनाइडचे क्षार ही कारखानदारीतली वापरातली वस्तू आहे. धातूवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगच्या टाक्यांत ते लागतात, पोलादी भागांना पृष्ठभागावर कठीण करणाऱ्या हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांतही ते वापरले गेले आहेत. गाड्यांच्या सुट्या भागांवर जगणाऱ्या गावांत असं रसायन हाताळणारे, त्याची ने-आण करणारे, गोदाम सांभाळणारे लोक असणारच. ‘त्याच्या धंद्यात मिळतं’ हे पुरेसं मानलं, तर उद्या भोसरीतल्या प्लेटिंगवाल्याच्या घरात कुणी विषाने मेलं की त्याचा धंदाच त्याच्याविरुद्धचा साक्षीदार होईल.

हेतूचंही तसंच. पत्रांनी दुःख सिद्ध होतं. पण असह्य दुःख हे खुनाच्या कहाणीत जसं बसतं तसंच आत्महत्येच्या कहाणीतही बसतं. किंबहुना पत्रं जितकी काळीज चिरणारी, तितकी दुसरी शक्यता बळकट होते. खुनाच्या आरोपाच्या बाजूने सर्वांत हृदयद्रावक असलेला पुरावाच त्या आरोपाला भोक पाडतो. या खटल्यातलं हे सगळ्यात क्रूर सत्य आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याकडे पाठ फिरवली नाही, याबद्दल मी त्याला मान देतो.

तिसरी गोष्ट कोरडी वाटेल, पण मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. खटल्याच्या शेवटी न्यायाधीश आरोपीला विचारतात: तुझ्याविरुद्ध अमुक पुरावा आला आहे, तुला काय म्हणायचं आहे? जुन्या फौजदारी संहितेतलं हे ३१३ कलम, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३५१. उच्च न्यायालयाने ज्या बाबींवर भिस्त ठेवली, त्यांतल्या काही आरोपीला विचारल्याच गेल्या नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या वजनातून काढून टाकल्या. ज्याचं उत्तर देण्याची संधीच दिली नाही, त्यावरून माणसाला फासावर कसं चढवणार? आरोपी खोटं बोलला म्हणून सरकारी पक्षाची तुटकी साखळी जुळत नाही, हेही याच निकालात आहे. आधी साखळी पुरी हवी, मग खोट्या खुलाशाचं ओझं.

आता तो चुकला कुठे. संशयाचा फायदा द्यायला ‘हा मृत्यू आत्महत्येचाही असू शकतो’ एवढं म्हणणं पुरेसं होतं. निकाल तिथे थांबला नाही. मंजुश्री अतिसंवेदनशील, भावनाप्रधान होती, असं चित्र त्यात रंगवलं गेलं. मेलेल्या बाईच्या मनाचं निदान तिच्याच पत्रांवरून झालं आणि त्या निदानाला उत्तर द्यायला ती नव्हती. आरोपीला न विचारलेला पुरावा बाजूला ठेवणाऱ्या न्यायालयाने मृत स्त्रीबाबत तीच काळजी घ्यायला हवी होती. ‘सिद्ध झालं नाही’ म्हणणं वेगळं आणि ‘तिचा स्वभावच तसा होता’ म्हणणं वेगळं. पहिल्याने आरोपी सुटतो, दुसऱ्याने तीच आरोपीच्या पिंजऱ्यात जाते.

कायदाही तेव्हा अपुरा होता. विवाहितेच्या छळाचं ४९८-अ कलम आलं १९८३ मध्ये. लग्नापासून सात वर्षांच्या आत आत्महत्या झाली आणि छळ दिसला, तर प्रवृत्त केल्याचं गृहीत धरता येण्याची तरतूद त्याच दुरुस्तीतली. हुंडाबळीचं ३०४-ब १९८६ मधलं. मंजुश्री गेली तेव्हा यातलं काहीच नव्हतं. खटला उभा राहिला तो खुनाचा. तिला दुःख कुणी दिलं, या प्रश्नाचं उत्तर तिला विष कुणी दिलं या प्रश्नात कोंबलं गेलं आणि दुसऱ्याचं उत्तर मिळालं नाही म्हणून पहिलंही वाऱ्यावर गेलं.

पुढे न्यायालयांनी घराच्या भिंतींचा विचार वेगळ्या रीतीने केला. २००६ मध्ये त्रिमुख मारोती किरकन या नांदेड जिल्ह्यातल्या खटल्यात बायकोला साप चावला, असं सासरचे सांगत होते. शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं. घराच्या आत, घरच्यांच्याच देखत घडलेल्या मृत्यूचा खुलासा घरच्यांनी द्यायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आणि शिक्षा कायम ठेवली. मला यात ‘सारडा’शी विसंगती दिसत नाही. तिथे शरीर बोलत होतं: गळ्यावरचा दाब कुणी स्वतः लावून घेत नाही. सायनाइड मात्र कुणाच्या हाताने पोटात गेलं, ते सांगत नाही.

आणि बोबडे खटल्याचाही उरलेला अर्धा भाग विसरून चालणार नाही. त्याच निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावलं होतं की, संशयाच्या फायद्याचा अतिरेक झाला, बारीकसारीक शंकांवर गुन्हेगार सुटत राहिले, तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडेल. त्या खटल्यात शिक्षा कायमच राहिली. संशय वाजवी असावा लागतो. कल्पनेतून काढलेला चालत नाही.

हे पंचशील कुणापर्यंत पोहोचतं, हा माझा खरा प्रश्न आहे. सारडा कुटुंबाकडे दिल्लीपर्यंत लढण्याची ऐपत होती. नाशिकजवळच्या बेलतगव्हाणच्या प्रकरणाकडे पाहा. जून २००३ मध्ये पेरूच्या बागेत झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जण मारले गेले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे बरीच वर्षं चर्चा झाली ती मुख्यतः शिक्षेची. गुन्हा यांनीच केला, हे जणू ठरून गेलं होतं.

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल बाजूला ठेवून सहाही जणांना निर्दोष ठरवलं. वाचलेल्या साक्षीदाराने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंवरून चार जणांना ओळखलं होतं. ते चौघे या सहांत नव्हते. त्या चौघांचा तपासच झाला नाही. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांविरुद्ध कारवाईचा विचार करायला शासनाला सांगितलं. सोळा वर्षांनंतर. त्या सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात उघड झालं होतं.

‘सारडा’तलं पंचशील २००९ मध्येही कायदाच होता. तरी अल्बमचा तो कागद ढिगात पडून राहिला. चुकीच्या शिक्षेने फक्त शिक्षा झालेल्याचं नुकसान होतं, असं मानणाऱ्यांनी बेलतगव्हाणच्या कुटुंबाचा विचार करावा. त्यांची माणसं मारणारे कोण, हे शोधायची वेळ केव्हाच निघून गेली होती.

चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी इथल्या खोल्यांतून राहणारा कंत्राटी कामगार सारडांपेक्षा नाशिकच्या त्या सहांच्या जवळचा आहे. मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशा, झारखंड कुठूनही आलेला. एका खोलीत पाच-सहा जण, शिफ्टप्रमाणे झोपणारे. रात्री भांडण होतं, सकाळी कुणी मेलेला सापडतो आणि ‘शेवटचा त्याच्यासोबत दिसला’ हा पुरावा कुणाही रूममेटला लागू पडतो. ‘लास्ट सीन’चा आधार एकत्र दिसण्याची वेळ आणि मृत्यूची वेळ यांत अंतर फार थोडं असण्यावर आहे. पण जिथे माणसं दिवसाचे चोवीस तास एकमेकांसोबतच दिसतात, तिथे या पुराव्याचं वजन मुळातच हलकं धरायला हवं.

मग येतो आरोपीच्या ‘निवेदनावरून’ हत्यार काढून दिल्याचा पंचनामा, खटल्या-खटल्यांत तेच चेहरे घेऊन येणारे पंच, कारखान्याच्या गेटवरचं सीसीटीव्ही आणि मोबाइल टॉवरचं लोकेशन. टॉवर भाग सांगतो, खोली सांगत नाही. सीसीटीव्हीच्या प्रतीसोबत कायदेशीर प्रमाणपत्र लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादातून पक्कं केलं. ते वेळेत घेतलं नाही तर खरा पुरावाही अडचणीत येतो आणि खरा गुन्हेगार सुटतो. पोलिसांच्या घाईने निर्दोष माणूस अडकतो, त्यांच्या ढिलाईने दोषी सुटतो; दोन्ही वेळी मृताचे नातेवाईक रिकाम्या हाताने परततात.

२०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं. गुन्हा चोवीस तासांत उघड केल्याची पत्रकार परिषद होते, बातमी छापून येते, गाव सुटकेचा श्वास घेतं. पकडलेल्यापैकी किती जण अखेर दोषी ठरले आणि जे सुटले ते तपासातल्या कुठल्या उणिवेमुळे, हे त्याच आयुक्तालयाने दरवर्षी त्याच आवाजात सांगायला हवं.

आणि पुन्हा त्या ३१३ व्या कलमाकडे यावं लागतं. खटल्याची भाषा मराठी. साक्ष आरोपीला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगावी, असं कायदाच सांगतो. ओडिया किंवा संथाली बोलणाऱ्या मुलाला शंभर प्रश्न एका मागोमाग वाचून दाखवले आणि त्याने प्रत्येकाला ‘खोटं आहे’ म्हटलं, तर त्याला विचारलं गेलं असं म्हणता येईल का? शरद सारडाला न विचारलेल्या बाबी वजनातून गेल्या. या मुलाला न समजलेल्या बाबीही तशाच जायला हव्यात. त्यासाठी पहिल्या रिमांडच्या दिवशीच त्याच्या बाजूला विधी सेवा प्राधिकरणाचा, खुनाचे खटले चालवलेला वकील उभा हवा. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर नव्हे. सीसीटीव्हीचं फुटेज पुसलं जाण्याआधी ते मागणारा, रूममेट गावी परत जाण्याआधी त्यांचा जबाब घ्यायला लावणारा आणि एखादा अल्बम दाखवला असेल तर त्याची नोंद मागणारा माणूस त्या आठवड्यातच हवा.